लगाम म्हणजे पीएमटीची दांडी नव्हे

मी पडले, याचं मला फार काही वाटलं नव्हतं. घोड्यावर बसायला शिकणारा माणूस कधी ना कधी पडतोच. वाळूत आपटले, डाव्या खांद्यातून एक लांबलचक कळ गेली, दातांखाली वाळू कचकचली. उठून बसले तेव्हा सईस बिजलीला धरून आणत होता. तिच्या ओठांच्या कडेला फेस होता आणि त्या फेसात गुलाबीसर रंग होता. मला वाटलं, माझंच रक्त तिला लागलंय. दातांनी हातमोजे ओढून काढले आणि पाहिलं. हात स्वच्छ होते.

"तिचंच हाय ते," उस्ताद म्हणाले. "ताई, तीन रविवार झाले, मी काय सांगतोय?"

ते काय सांगत होते, ते मला पाठ होतं. लगाम म्हणजे पीएमटीची दांडी न्हवं. लटकू नका.

तरी मी लटकले होते. समोर दोन बांबू तिरके लावून केलेला अडथळा होता, जेमतेम गुडघ्याएवढा. बिजली त्याच्याकडे कान टवकारून चालली होती. शेवटच्या दोन पावलांत माझ्या पोटात गोळा आला, मी मागे रेलले आणि दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढला. ती थांबली. मी नाही थांबले.

*

आमचे उस्ताद साताऱ्याकडचे. ६१ कॅव्हलरीतून दफेदार म्हणून निवृत्त झाले. ही जयपूरची रेजिमेंट १९५३ साली वेगवेगळ्या संस्थानांची घोडदळं एकत्र करून उभी राहिली. बाकीच्या घोडदळांनी घोडे सोडून रणगाडे घेतले, तरी हिने घोडे ठेवले. तिच्यात राजपूत, कायमखानी आणि मराठे असे तिन्ही भरती होतात. उस्तादांच्या हिंदीत जयपूर आहे आणि मराठीत सातारा. पुण्याच्या कडेला एका रायडिंग स्कूलमध्ये ते आता आयटीतल्या आमच्यासारख्यांना शिकवतात. बिजली पूर्वी रेसकोर्सवर धावायची. तिथून बाहेर पडलेले बरेच घोडे अशा शाळांमध्ये येतात आणि उरलेलं आयुष्य शिकाऊ लोकांना पाठीवर घेऊन गोल गोल फिरण्यात घालवतात.

मी तिथे का गेले? खरं सांगायचं तर एका मैत्रिणीची रील पाहून. त्याआधी माझा घोड्याशी संबंध म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी मारलेली एक फेरी. घोडेवाल्याने दोरी धरलेली, बाबा शेजारून चालतायत, आणि मी खोगिराची पुढची कडी दोन्ही हातांनी घट्ट आवळलेली. तो फोटो घरी आहे. चेहऱ्यावर हसू आहे, पण बोटं पांढरी पडलीयेत.

डॉक्टरांनी कॉलरबोनला बारीक तडा असल्याचं सांगितलं आणि सहा आठवड्यांसाठी हात स्लिंगमध्ये बांधून टाकला. आई म्हणाली, "आता बास झालं झाशीच्या राणीचं." मी पण म्हटलं, बास. पण रात्री झोप लागायची नाही आणि ते खांद्यामुळे नव्हतं. मी मांसाहार सोडलेला, रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालणारी मुलगी. आणि एका मुक्या जनावराचं तोंड मी तीन रविवार कापत होते. रागाने नाही, मस्तीने नाही. फक्त मला भीती वाटत होती म्हणून.

एका हाताने फोन धरून मी वाचायला लागले. लोक मागे का रेलतात? लगाम का ओढतात? असं करणारी मी एकटीच आहे का? तिथे मला फेदेरिको कॅप्रिल्ली भेटला.

*

कॅप्रिल्ली हा इटलीच्या घोडदळातला अधिकारी. १८६८ साली लिव्होर्नोला जन्मला. पिनेरोलो इथे घोडदळाची शाळा होती आणि रोमजवळ तोर दी क्विंतो इथे तिचीच पुढची शाळा. या दोन ठिकाणी तो आधी शिकला आणि मग त्याने शिकवलं. त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर, असे घोडेस्वारीच्या इतिहासाचे दोन भाग पडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच्या आधी उडी मारायची अधिकृत रीत काय होती, हे वाचून मी फोन उशीवर ठेवला आणि थोडा वेळ छताकडे बघत बसले. रिकिबी लांब. पाय सरळ. घोडा उडी मारायला लागला की स्वाराने मागे रेलायचं आणि लगाम वर ओढून घोड्याचं तोंड 'उचलून' धरायचं. यामागे एक समजूत होती. घोड्याचे पुढचे पाय नाजूक, त्यामुळे त्याने मागच्या पायांवर उतरावं किंवा निदान पुढच्या पायांवर भार कमी यावा, आणि त्यासाठी स्वाराने त्याला मागे खेचून मदत करावी.

म्हणजे मी घाबरून जे केलं, तेच युरोपभरच्या घोडदळांत शिस्त म्हणून शिकवलं जात होतं.

घोडे अडथळ्यापुढे अडायचे. अडले की त्यांना हट्टी म्हणायचे आणि शिक्षा करायचे. इटलीत ही परंपरा जुनी. नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेचं घोडेस्वारीवरचं गाजलेलं पुस्तक १५५० साली आलं. त्यात हट्टी घोड्याला वठणीवर आणायच्या क्रूर युक्त्या आहेत आणि ते पुस्तक युरोपभर भाषांतरित झालं. साडेतीनशे वर्षांनी त्याच नावाच्या दुसऱ्या इटालियन माणसाने एक साधा प्रश्न विचारला: पाठीवर कोणी नसताना घोडा उडी कशी मारतो?

त्याने घोडे मोकळे सोडले आणि पाहिलं. फोटो काढले. फोटोंचा तो काळच होता. १८७८मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावत्या घोड्याचे एकापाठोपाठ एक फोटो घेतले, आणि शेकडो वर्षं चित्रकार भरधाव घोड्याचे पाय चुकीचे काढत आले हे जगाला कळलं. कॅप्रिल्लीने पाहिलं ते असं: मोकळा घोडा उडी घेताना मान लांब करतो. हवेत असताना डोकं आणि मान पुढे-खाली नेऊन तोल सांभाळतो. आणि उतरतो पुढच्याच पायांवर, दर वेळी. डोंबारी दोरीवर चालताना हातातल्या काठीने तोल साधतो ना, तसं घोड्याची मान ही त्याची काठी आहे. स्वार लगाम ओढतो तेव्हा तो ती काठीच धरून ठेवतो.

मग त्याने मांड बदलली. रिकिबी आखूड केल्या. गुडघे वाकवले. स्वाराचं वजन खोगिरावरून उचलून गुडघ्यांवर आणि रिकिबींवर आणलं. कंबरेतून पुढे झुकायचं. हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाऊ द्यायचे. याला आज 'फॉरवर्ड सीट' म्हणतात. पण नुसत्या बसण्याच्या कोनापेक्षा त्यामागचा विचार मला मोठा वाटतो. तोपर्यंत स्वाराला तोल येत नसला तरी चालायचं, कारण धरायला घोड्याचं तोंड होतं. कॅप्रिल्लीने सांगितलं की तुझा तोल ही तुझी जबाबदारी. घोडा त्याचं काम जाणतो. तू फक्त त्याच्या आड येऊ नकोस.

हे भूतदयेतून आलं नव्हतं, हेही सांगायला हवं. तो सैनिक होता. लांब पल्ल्याच्या बंदुका आल्यावर रांगेत डौलाने चालणाऱ्या घोडदळाचे दिवस संपत आले होते. आता स्वार हवा होता तो ओढे, चर, कुंपणं ओलांडून झपाट्याने टेहळणी करणारा. त्यासाठी छपराखालच्या रिंगणात वर्षानुवर्षं गिरवलेले डौलदार पवित्रे कामाचे नव्हते. उघड्या रानात, कमी वेळात, साध्या सैनिकाला आणि साध्या घोड्याला शिकवता येईल अशी पद्धत हवी होती. घोडा दुखावला तर तो अडतो, आणि अडलेला घोडा लढाईत निकामी. त्याचा हिशोब एवढा कोरडा होता. पण त्या हिशोबातून कोट्यवधी घोड्यांची तोंडं वाचली.

वरिष्ठांना ते सहजासहजी पटलं नाही. १९०२ साली तुरीनला मेलोपो नावाच्या घोड्यावरून त्याने २.०८ मीटर उंच उडी मारली. माझ्या उंचीच्या माणसाच्या डोक्यावरून घोडा जाईल आणि वर हातभर जागा उरेल, एवढी. त्याच्या हयातीतच इटलीच्या घोडदळाने त्याची पद्धत स्वीकारली. डिसेंबर १९०७मध्ये, तुरीनमध्येच, साध्या चालीने चाललेल्या घोड्यावरून पडून डोक्याला मार लागला आणि तो गेला. वय ३९. लिहून ठेवलं होतं अगदी थोडं. पण तोवर देशोदेशीचे अधिकारी पिनेरोलोला यायला लागले होते आणि पुढे येतच राहिले. रशियाचा रॉडझिआन्को शिकून गेला आणि त्याने पुढे आयर्लंडच्या सैनिकांना शिकवलं. अमेरिकेचा हॅरी चेंबरलिन शिकून गेला आणि १९३२च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवलं. ज्या घोडदळासाठी हे सगळं केलं, ते घोडदळ मात्र पहिल्या महायुद्धात मशीनगनसमोर संपलं. पद्धत उरली.

*

हे सगळं मी उत्साहाने फॅमिली ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत काकांचं उत्तर आलं: "यात इटलीचं काय कौतुक? आपल्या बाजीरावांना हे २०० वर्षं आधी येत होतं." खाली शनिवारवाड्यासमोरच्या पुतळ्याचा फोटो.

मी हसले, पण गोष्ट डोक्यात राहिली. कारण काका म्हणत होते ती दंतकथा मलाही माहीत होती. बाजीराव दिसतो कसा हे बघायला शत्रूने चित्रकार पाठवला. कोणी म्हणतं निजामाने, कोणी म्हणतं दिल्लीच्या बादशहाने. चित्रकाराने जे पाहिलं ते काढून नेलं: खांद्यावर भाला टेकलेला, लगाम सैल सोडलेला, आणि दोन्ही तळहातांवर ज्वारीची कणसं चोळत, दाणे खात चाललेला स्वार. ही गोष्ट ग्रँट डफने १८२६च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवली आहे.

खरी असो वा नसो, गोष्ट सांगणाऱ्याला घोड्यावर बसणं कळत होतं. त्याने पराक्रम दाखवायला तलवार उपसलेली दाखवली नाही. दोन्ही हात मोकळे दाखवले. लगामाला न धरता बसता येणं, हा त्याचा दरारा. मराठीत घोड्यावर बसण्याला 'मांड' म्हणतात, मांडीवरून. मांड ठोकणे, मांड पक्की असणे. पकड हाताची नाही, मांडीची, हे आपल्या भाषेला माहीत होतं. माझ्या शरीराला नव्हतं.

पण काकांना मी 'हो' म्हणू शकले नाही. सैल लगामाचा एक मोठा स्वार असणं वेगळं आणि सगळ्यांना शिकवता येईल अशी पद्धत असणं वेगळं. आपल्याकडे काटेरी लगामही होते. घोड्याच्या तोंडात काटे घालून त्याला वळवणारे हातही इथलेच होते. बाजीरावाच्या पागेतल्या शेवटच्या बारगिराच्या हाताने घोड्याचं तोंड किती सोलवटलं, याचं चित्र काढायला कोणी आलं नाही. आपलं आधीच होतं म्हटलं की शिकायची गरज उरत नाही, आणि मला तर शिकायचंच होतं.

शिवाय पुण्याने घोड्याशी नातं ठेवलंय कुठे? भीमेच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टं मराठ्यांच्या घोडदळाचा कणा होती. आम्हाला भीमथडी म्हटलं की जत्रा आठवते आणि जत्रेतले मांडे. शहराचं नाव एका घोडदळाला आहे, पूना हॉर्स. १८१७च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्याच पैशांवर इंग्रजांनी ते उभं केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीला पेशवाईशी लढाई झाली. आज त्या रेजिमेंटकडे रणगाडे आहेत. पुण्यात घोडे दिसतात ते पावसाळ्यात रेसकोर्सवर, लग्नसराईत वरातीत आणि चौकांत दगडी चौथऱ्यांवर.

आणखी एका ठिकाणी आहेत. खडकवासल्याला. एनडीएतल्या कॅडेटना आजही घोडेस्वारी शिकावी लागते. २०२२पासून तिथे मुलीही आहेत. ज्या खेळात १९५२पर्यंत ऑलिम्पिकला बायकांना प्रवेशच नव्हता, तो खेळ खडकवासल्याच्या पाण्याशेजारी आता एकोणीस वर्षांच्या मुली शिकतायत, पुढे झुकून, आखूड रिकिबींत. पिनेरोलोची मांड तिथवर आली ती पुस्तकातून नाही. ब्रिटिशांची हिंदुस्थानातली घोडेस्वारीची शाळा सागरला होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश घोडदळाने थोडी कुरकुर करत, थोडे फेरफार करत ही पद्धत उचलली. पुढे ती भारतीय सैन्यात राहिली. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे रघुबीर सिंग ६१ कॅव्हलरीचेच. त्याच रेजिमेंटमध्ये आमच्या उस्तादांना कोण्या उस्तादाने शिकवलं, त्यांना त्यांच्या उस्तादाने. हात धरून, ओरडून, पाडून.

*

सहा आठवड्यांनी मी परत गेले. आईला सांगितलं, नुसतं बिजलीला भेटायला चाललेय. ते अर्धं खरं होतं.

बिजली तबेल्यात उभी होती. मी गाजर पुढे केलं, तिने घेतलं. तिला राग वगैरे नव्हता. घोडे मनात धरत नाहीत असं मी म्हणणार होते, पण तेवढ्यात मी तिच्या तोंडाकडे हात नेला आणि तिने मान वर झटकली. धरतात मनात. शरीरात धरतात.

मी उस्तादांना कॅप्रिल्लीबद्दल विचारलं. "कोण?" ते म्हणाले. मी फोनवरचा फोटो दाखवला: तोर दी क्विंतोच्या जवळजवळ उभ्या उतारावरून एक इटालियन अधिकारी घोड्यावरून खाली येतोय, अंग पुढे, हात मोकळे. उस्तादांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मांड बरोबर हाय." आणि फोन परत दिला.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून लगाम काढून घेतला. खरोखर काढून घेतला. बिजलीला लांब दोरीवर घेतलं आणि मला गोल फिरवायला लागले. आधी चाल, मग ट्रॉट. "हात कंबरेवर. आता डोक्यावर. आता विमानासारखे." चाळीस मिनिटं. माझ्या मांड्या थरथरत होत्या. धरायला काही नव्हतं. दर वेळी तोल गेला की हात आपोआप छातीशी येत होते, हवेतलाच लगाम ओढत होते. माझ्या भीतीला एक ठरावीक हालचाल आहे, हे मला तेव्हा दिसलं. तिच्या दुसऱ्या टोकाला इतके दिवस बिजलीचं तोंड होतं.

असे पाच रविवार गेले. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २००९मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शर्यतीतले जॉकी १९००च्या आसपास आखूड रिकिबींत पुढे झुकायला लागले आणि शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. कारण असं की जॉकी घोड्याबरोबर वर-खाली हलत नाही, तो आपल्या पायांनी ते धक्के गिळतो. घोड्याला त्याचं वजन तर वाहावं लागतं, पण दर पावलाला ते ढकलावं लागत नाही. म्हणजे हलकं होण्यासाठी आधी स्वतःचे पाय दुखवून घ्यावे लागतात. पाचव्या रविवारी जिना उतरताना मला हे शास्त्र पूर्ण पटलं होतं.

सहाव्या रविवारी उस्तादांनी तेच दोन बांबू लावले. लगाम हातात दिला आणि म्हणाले, "डर लागणार. लागू द्या. आयाळ धरा. ती आयाळीचं मनावर घेत नाय."

बिजलीने कान टवकारले. शेवटच्या दोन पावलांत पोटात तोच गोळा आला, तसाच, जराही कमी नाही. मी बोटं तिच्या आयाळीत खुपसली आणि कंबरेतून वाकले. तिची मान माझ्या हातांखालून लांब झाली. त्या एका क्षणात मला तिचा सगळा जोर तळव्यांखाली कळला, आणि तो माझ्याविरुद्ध नव्हता. मग आम्ही पलीकडे होतो. उडी जेमतेम गुडघ्याएवढीच. सईसाने मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

"बरी होती," उस्ताद म्हणाले. "परत."

तीन वेळा परत केलं. शेवटच्या खेपेला माझे हात पुन्हा जरा मागे आले, मला कळलं, आणि बिजलीलाही कळलं. तिने उतरताना मान झटकली. म्हणजे अजून व्हायचंय.

खाली उतरले. स्लिंगमधून सुटलेला खांदा ठणकत होता. मी बिजलीचा लगाम काढला, तिच्या ओठांचे दोन्ही कोपरे अंगठ्याने हळूच उघडून पाहिले. फेस होता. पांढरा.